खोकं झाकणाला धरून: कुपवाडच्या रोबोच्या नोंदी

१० जून २०२४, सोमवार. कुपवाड एमआयडीसी, सांगली

पहाटे साडेचारला पुण्याजवळच्या भोसरीतलं आमचं वर्कशॉप सोडलं, दहाच्या आत गेटवर. कारखाना मसाल्याचा. आत पाऊल टाकल्यापासून आम्हा तिघांना शिंका. तिथल्या एकालाही नाहीत.

रोबोनं करायचं काम असं: पॅकिंग लाइनच्या टोकाला टेप लागून येणारी खोकी उचलायची आणि पॅलेटवर, म्हणजे माल ठेवायच्या फळीवर, थप्पी लावायची. खोकं ३९० बाय २९० बाय २६० मिलिमीटर, फाइव्ह प्लाय (पाच पदरी) पुठ्ठा, आत २०० ग्रॅमची ६० पाकिटं. काट्यावर वीस खोकी वेगवेगळी ठेवून बघितली, सरासरी १२.८ किलो. मिनिटाला पाच येतात. साडेसात तास धरले तर पाळीला २,२५० खोकी, म्हणजे जवळजवळ २९ टन माल. तो तीन माणसं आलटून पालटून उचलतात. त्यातल्या एक मावशी आहेत, त्यांचा कंबरेला आधार देणारा पट्टा साडीवरून दिसतो.

अर्धा तास नुसता उभा राहून बघितलं. तिघांची पकड एकच. एक तळवा खालच्या कोपऱ्याखाली, दुसरा त्याच्या तिरक्या बाजूच्या वरच्या कोपऱ्यावर, आणि खोकं पोटाला टेकवलेलं. झाकणाला धरून कोणीच उचलत नाही. रोबोला मात्र आपण झाकणालाच धरायला सांगणार आहोत, कारण खोकी एकमेकांना चिकटून बसवायची तर बाजूनं पंजा जायला जागा राहत नाही. वहीत लिहिलं, पुढं प्रश्नचिन्ह.

१३ जून, गुरुवार. भोसरी

गुरुवार, औद्योगिक पट्ट्याला सुट्टी. शेजारचा पॉवर प्रेस बंद असला की डोकं चालतं. ग्रिपरचं, म्हणजे रोबोच्या हाताला खोकं धरण्यासाठी लावायच्या पंजाचं, गणित मांडलं. पंजाला रबरी कप, ते झाकणावर टेकवून आतली हवा काढायची.

रोबो खोकं वर घेताना सेकंद वर्गाला ५ मीटर एवढ्या त्वरणाचा झटका देणार. तो गुरुत्वाच्या ९.८१ मध्ये मिळवला आणि १२.८ किलोनं गुणलं, तर १९० न्यूटन. पुठ्ठा सच्छिद्र म्हणून सुरक्षा गुणांक दोन. ३८० न्यूटन हवेत. कपात बाहेरच्या हवेपेक्षा ६० किलोपास्कल कमी दाब धरला, की चौरस सेंटिमीटरला ६ न्यूटन मिळतात. ४० मिलीच्या कपाचं तोंड साडेबारा चौरस सेंटिमीटरचं. पाच कपांत जेमतेम बसतं, आपण सहा लावू. कागदावर साडेचारशे न्यूटन झाले.

नवीन पोराला समजावताना परत एकदा जाणवलं, की सगळे 'कप खोकं ओढतो' असंच म्हणतात. कप काही ओढत नाही. आतली हवा काढली की बाहेरची हवा खोक्याला खालून रेटून कपावर दाबून धरते. जोर सगळा बाहेरच्या हवेचा. सांगली समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर, तिथं ही हवाच १०१ ऐवजी ९५ किलोपास्कलच्या आसपास. कॅटलॉगमधले आकडे समुद्राकाठचे असतात, हे लक्षात ठेवायचं.

रोबो जुना आहे, गाड्यांच्या एका कारखान्यातून उतरवलेला, सहा अक्षांचा, ५० किलो क्षमतेचा. त्याची काळजी नाही.

२६ जून, बुधवार

ग्रिपर बसला. सहा कप, दीड घडीचे बेलो (भात्यासारखे दबणारे), कारण खोक्यांची उंची पाच-सहा मिलीनं मागेपुढे होते आणि जास्त भरलेल्याचं झाकण फुगीर असतं. व्हॅक्यूमला दोन इजेक्टर. कॉम्प्रेसरची हवा अरुंद तोंडातून जोरात निघते, तिथला दाब पडतो, शेजारच्या भोकातून कपातली हवा खेचली जाते. फिरणारा भाग एकही नाही, बिघडायला काही नाही.

रोबो ३० टक्के वेगावर. चाळीस खोकी उचलली, एकही पडलं नाही. आमच्या साहेबांनी व्हिडिओ काढला. मी म्हटलं, गिऱ्हाइकाला इतक्यात पाठवू नका. तोवर दोन निळ्या टिक्स आल्या होत्या.

२ जुलै, मंगळवार

पूर्ण वेग. दहा खोकी नीट गेली. अकरावं उचललं, रोबो वळला, पॅलेटवर येऊन थांबला. खोकं थांबलं नाही. बेलो मऊ, त्यामुळे खोकं खाली पाळण्यासारखं झुललं, पुढच्या दोन कपांच्या कडा उचलल्या गेल्या, 'फस्' असा आवाज आला आणि पुढच्या क्षणी हळदीचं अख्खं खोकं जमिनीवर. गिऱ्हाइकानं ट्रायलसाठी खरा माल पाठवला होता. दहा-बारा पाकिटं फुटली. फिटर मामा 'येळकोट येळकोट' म्हणत झाडू आणायला गेले. रोबोचा हात, कंट्रोल पॅनल, माझा मोबाइल, सगळं जेजुरी.

वेग ६० टक्क्यांवर आणून परत वीस उचलली. त्यात एक पडलं. हळू केलं की जातं, वेग वाढवला की पडतं, म्हणजे जोर काठावर आहे.

३ जुलै, बुधवार

हे काम १३ जूनला करायचं होतं. एकाच कपाला गेज लावून वेगवेगळ्या गोष्टींवर टेकवत गेलो. स्टीलच्या पत्र्यावर ६२ किलोपास्कल. सनमायकाच्या तुकड्यावर ६१. खोक्याच्या झाकणावर २४. झाकणाच्या दोन पानांमधल्या फटीवर, टेपची कड कपाखाली आली तर १७.

चोवीस! सहा कपांचे मिळून १८१ न्यूटन. लागतात १९०. गुणांक दोन तर सोडाच, एकसुद्धा नव्हता. खोक्याचं नुसतं वजन १२६ न्यूटन, म्हणून सावकाश उचलताना टिकत होतं. आमचा व्हिडिओ त्या १२६ चा होता.

पुठ्ठा श्वास घेतो. हवा वरच्या कागदातून तर झिरपतेच, शिवाय आत नालीदार कागदाचे बोगदे असतात, त्यांतून आडवी लांबून येते. कपानं जितकी काढली तितकी परत आत. कॅटलॉगमधला ६० चा आकडा खोटा नाही, तो पत्र्याचा आहे. इजेक्टर खोल व्हॅक्यूम देतो पण थोड्या हवेचा. पुठ्ठ्याला उथळ चालेल, हवा मात्र भरपूर खेचली गेली पाहिजे. सतराव्या शतकात मॅग्डेबर्गच्या ओटो फॉन गेरिकेनं दोन अर्धगोल जोडून आतली हवा काढली आणि दोन्हीकडून घोडे जुंपले तरी ते सुटेनात, हे शाळेत वाचलं होतं. अर्धगोल तांब्याचे होते. पुठ्ठ्याचे असते तर घोडे लागलेच नसते.

साहेबांचा पहिला प्रश्न अपेक्षित: मग हळूच चालवू या ना, मिनिटाला पाचच तर लागतात. चालेल, आज. पण न हलणाऱ्या खोक्यालाही गुणांक जेमतेम १.४ आहे, आणि ही ट्रायल कोरड्या शेडमधली आहे. मी नाही म्हटलं. साहेब चहा न घेता गेले.

६ जुलै, शनिवार

पर्याय तीन. पहिला, इजेक्टर वाढवायचे. आत्ताचे दोनच मिनिटाला ४०० लिटर हवा खातात, म्हणजे कॉम्प्रेसरचे साडेतीन एचपी. हवा वाचवणारा इजेक्टर व्हॅक्यूम झाला की बंद होतो, पण पुठ्ठ्यावर तो बंद झाला रे झाला की व्हॅक्यूम पडतो, परत चालू. त्यामुळे ती सोय इथं निरुपयोगी. दुसरा, फोमचा सपाट ग्रिपर. छान काम करतो, पण मसाल्याच्या धुळीत फोम किती दिवस तग धरेल? तिसरा, मोठे कप आणि साइड चॅनल ब्लोअर, म्हणजे कमी व्हॅक्यूमवर भरपूर हवा खेचणारा विजेचा पंखा.

तिसरा घेतला. ६० मिलीचे आठ कप, मिळून २२६ चौरस सेंटिमीटर. २२ किलोपास्कल मिळाले तरी जवळपास ५०० न्यूटन होतात. ब्लोअर २.२ किलोवॉटचा, म्हणजे विजेचा खर्च इजेक्टरपेक्षा जास्त नाही, आणि हवा कित्येक पट. पाइप ५० मिलीचा. ८ मिलीच्या निळ्या नळीतून एवढी हवा जाणार कुठून? तोंड बंद राहिलं की ब्लोअर तापतो, म्हणून रिलीफ व्हॉल्व्ह. ब्लोअर दर खोक्याला बंद-चालू करता येत नाही, म्हणून हवा बाहेर वळवायचा मोठा झडप-व्हॉल्व्ह. कपांचं मटेरियल पॉलियुरेथेन, कारण पुठ्ठा पॉलिश पेपरसारखा रबर खातो.

१७ जुलै, बुधवार

आषाढी. अर्ध्या लोकांचा उपास, दुपारी वर्कशॉपभर साबुदाण्याचा वास.

नवीन ग्रिपर पहिल्याच दिवशी पूर्ण वेगावर पन्नास खोकी घेऊन गेला. गेज २१-२२ वर स्थिर. पण खोकं हवेत असताना खाली वाकून बघितलं तर झाकण तंबूसारखं फुगलेलं आणि मधली टेप सुटत चाललेली. कप मी झाकणाच्या मध्याजवळ लावले होते, दोन ओळींत, टेपच्या अलीकडे-पलीकडे. माल आहे तळाशी, त्याचं वजन भिंतींतून वर येतं, आणि मी ओढतोय मधून. म्हणजे दोन्ही पानं दारासारखी वर उघडायचा प्रयत्न करणार आणि सगळा ताण एका टेपवर.

कप बाहेर सरकवले, कडेपासून १० मिलीवर, थेट भिंतींच्या डोक्यावर. तंबू गेला. टेपला आता काही कामच राहिलं नाही, ती नुसती झाकण मिटून ठेवते. १० जूनचं वहीतलं प्रश्नचिन्ह खोडलं. माणूसही खोक्याचा कोपराच धरतो, कारण ताकद तिथं असते.

प्रत्येक कपामागे छोटं अरुंद छिद्र टाकलं आहे, म्हणजे एखादा कप उघडा पडला तरी सगळी हवा त्याच्याकडून धावत नाही.

२९ जुलै, सोमवार. कुपवाड

रोबो उतरवला. हायड्रा क्रेन दोन तास उशिरा, पाऊस लागून राहिलेला. कँटीनमध्ये रोबोबद्दल कोणी अवाक्षर काढत नाही. बोलणं एकच, कोयनेतून किती सोडलं आणि आयर्विन पुलाजवळ पाणी किती फुटांवर. ४० ला इशारा, ४५ ला धोका, हे इथल्या पोरासोरांना पाठ. आमच्या हेल्परला कंपनीच्या लोकांनी सांगितलं, गाडी उताराला लावू नको. लावली नाही.

२ ऑगस्ट, शुक्रवार

पाच दिवसांतलं पहिलं मोठं नाटक. गेज २२ दाखवतंय, व्हॅक्यूम उत्तम, तरी खोकं पडलं. कपाला पोळीसारखं काहीतरी चिकटलेलं. सोडवून बघितलं तर झाकणाचा वरचा कागद! पापुद्रा सुटून कपाबरोबर वर गेला, खोकं खाली राहिलं. कपानं आपलं काम चोख केलं होतं, पुठ्ठाच फाटला.

कोरी खोकी चपटी गठ्ठ्यानं गोडाऊनच्या दाराशी, फरशीवर ठेवतात. गठ्ठ्यातलं एक हातात घेतलं, कोपरा वाकवला तर कडक आवाज नाही, ओल्या भाकरीसारखा वाकला. दमट हवेत पुठ्ठ्याची दाब सोसायची ताकद निम्म्यापर्यंत उतरते आणि कागद चिकटवणारी स्टार्चची खळ सैल पडते. थप्पी लावणाऱ्या मावशींना विचारलं, पावसाळ्यात तुम्हाला फरक जाणवतो का. म्हणाल्या, "मग! श्रावणात खोकं हातात दबतंय. आम्ही त्येला खालनं उचलतो." मी दोन महिने इथं येतोय, हे विचारायचं मला आज सुचलं.

कारखान्याला तीन गोष्टी सांगितल्या: गठ्ठे लाकडी पॅलेटवर ठेवा, दारापासून लांब, दोन दिवस आधी पॅकिंग हॉलमध्ये आणून ठेवा, आधी आलेला लॉट आधी वापरा. खरेदी खात्याला पुठ्ठ्याचा जीएसएम (कागदाचं चौरस मीटरला वजन) आणि बर्स्टिंग फॅक्टर (दाबानं फुटण्याला विरोध) विचारला. उत्तर: मागच्या महिन्यापासून दुसरा पुरवठादार, थोडा स्वस्त. मी काही बोललो नाही.

रोबोतही बदल. उचलताना पहिले १५० मिलिसेकंद झटका अर्ध्यावर आणला. व्हॅक्यूम १५ किलोपास्कलच्या खाली असेल तर खोकं उचलायचंच नाही, एकदा परत टेकवून बघायचं, तरी नाही झालं तर बाजूला ढकलायचं. १५ वरही ३३९ न्यूटन मिळतात, गुणांक १.८.

७ ऑगस्ट, बुधवार

व्हॅक्यूम रोज अर्ध्या पॉइंटनं घसरतोय. फिल्टर उघडला. पांढरी जाळी गर्द पिवळी, वरून पुठ्ठ्याच्या तुसाची फेल्ट. ब्रश मारला तर निम्मी हळद माझ्या बाहीवर. सांगलीच्या हळदीला जीआय मानांकन आहे. आता माझ्या शर्टालाही असावं. फिल्टर दर सोमवारी साफ, महिन्याला बदली. पारदर्शक वाटीचा घेतला, लांबून रंग दिसतो.

१२ ऑगस्ट, सोमवार

वीज जाण्याची ट्रायल. साइट इंजिनिअरला वाटत होतं ब्लोअरचा पंखा फिरत राहील, खोकं टिकेल. मेन पाडला: दीड सेकंदाच्या आत खोकं खाली. पत्र्याचा माल असता तर नॉन-रिटर्न (एकाच दिशेनं हवा सोडणाऱ्या) व्हॉल्व्हनं व्हॅक्यूम धरून ठेवला असता, पुठ्ठ्यात धरायला काही राहतच नाही. तेव्हा उपाय ग्रिपरमध्ये नाही, कुंपणात आहे. दोन मीटर जाळी, दाराला इंटरलॉक, हातात खोकं असताना दार उघडणारच नाही. पॅलेट बाहेर येण्याच्या तोंडाला लाइट कर्टन, म्हणजे कोणी मधे आलं की रोबो थांबवणारा प्रकाशकिरणांचा पडदा.

२१ ऑगस्ट, बुधवार

लाइन चांगली चालली आहे. तिघांपैकी दोघं आता टेपिंग मशीनवर, मावशी रिजेक्ट तपासतात. मला वाटलं आता बिल लावायला हरकत नाही.

दुपारी डॉकवर गलका. ट्रक भरणारी माथाडी टोळी काम थांबवून उभी. प्रॉडक्शनच्या साहेबांचा चेहरा उतरला. त्यांना पहिल्या दिवसापासून ही भीती होती. महाराष्ट्रात माल चढवण्या-उतरवण्याचं काम १९६९ च्या माथाडी कायद्याखाली येतं, अण्णासाहेब पाटलांच्या चळवळीतून आलेला कायदा; मंडळ, नोंदणी, टोळी, वाराई (चढ-उताराची मजुरी), सगळं ठरलेलं. टोळीच्या कामाला आम्ही हात लावलेला नाही. रोबो फक्त हॉलमधली थप्पी लावतो.

पण तक्रार रोजगाराची नव्हतीच. मुकादमानं मला पॅलेटजवळ नेलं आणि दोन खोक्यांच्या मधे बोट घालून दाखवायचा प्रयत्न केला. बोट जाईना. "सायेब, तुमच्या यंत्राला बोटं न्हाईत, आमाला हायत. काढायचं कसं सांगा."

गोष्ट अशी, की इथून ट्रक पॅलेटसकट जात नाही. पॅलेटनं उंची खाल्ली तर गाडीत माल कमी बसतो, म्हणून खोकी सुटी भरतात. म्हणजे रोबो काटेकोर थप्पी लावतो आणि डॉकवर टोळी ती हातानं मोडते. माणसांनी लावलेल्या थप्पीत खोकी थोडी वाकडी असायची, फटी असायच्या, त्यातून बोटं जायची. आमची थप्पी भिंतीसारखी. ते झाकणाची टेप नखानं उचकटून वर ओढत होते, आणि ओल्या पुठ्ठ्याचं झाकण हातात येत होतं.

१७ जुलैला रोबोनं केलं तेच.

२४ ऑगस्ट, शनिवार

रचना परत काढली. १२०० बाय १००० च्या पॅलेटवर एका थरात दहा खोकी: एका रांगेत चार, अरुंद बाजू पॅलेटच्या लांबीला, बाकी दोन रांगांत तीन-तीन, लांब बाजू. लांबीला ११७० आणि ११६० भरतात, रुंदीला ९७०. तीस-चाळीस मिली वाया जात होते, मी ते सगळे कडेला सोडले होते. आता प्रत्येक दोन खोक्यांत १२ मिली. लांबी ११९४ आणि ११९६, रुंदी ९९४, पॅलेटच्या बाहेर काही नाही. पुढचा थर उलटा फिरवून, म्हणजे सांधे एकावर एक येत नाहीत.

फटीमुळे थप्पी हलेल का, ही शंका होती. पाच थर, ५० खोकी, ६४० किलो. हँड पॅलेट ट्रकवर घेऊन डॉकच्या उंबऱ्यावरून मुद्दाम चार वेळा आपटलं. वरचा थर दोन मिली सरकला. आणखी एक अडचण: खोकं सोडताना फुंकर मारतो, ती जोराची असेल तर खोकं फट सोडून शेजाऱ्याला जाऊन चिकटतं. फुंकर ८० मिलिसेकंदांवर आणली.

३ सप्टेंबर, मंगळवार

सोमवारपासून नवीन रचना. टोळीनं ट्रक पूर्वीच्या वेळेत भरला. मुकादम कुंपणापाशी बराच वेळ उभा होता, नजर रोबोकडे नाही, एचएमआयच्या, म्हणजे रोबो चालवायच्या पॅनलच्या, पडद्याकडे. त्यावर खोक्यांचा आकडा चढत जातो. त्यानं विचारलं, हा आकडा बरोबर असतो का. म्हटलं, एक खोकंही चुकत नाही, रिजेक्ट वेगळे. मग म्हणाला, वाराईच्या वेळी गेटचा क्लार्क आणि आमची मोजणी दर आठवड्याला जुळत नाही; हा आकडा डॉककडे तोंड करून, मोठ्या अक्षरात लावता येईल का?

लावता येईल. मोठा डिस्प्ले, तीस मीटर केबल, पीएलसीत (लाइन चालवणाऱ्या कंट्रोलरमध्ये) दोन ओळी. प्रॉडक्शनचे साहेब म्हणतात हे तुमच्या कोटेशनमध्ये धरा, आमचे साहेब म्हणतात ऑर्डरमध्ये नव्हतं. सप्टेंबरच्या बिलात बसवायचं की नवीन पीओ (खरेदीची ऑर्डर) मागायची, उद्या फोन.

स्पेअर: कप १६, फिल्टर ४, झडपेचं सील २. पाठवायचं आहे.